घटक ५ : मुलांसाठी सचित्र कवितापुस्तकाची निवड आणि प्रकट वाचन

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर एखादे सचित्र कवितापुस्तक प्रकट वाचनास योग्य आहे किंवा नाही याचा सकारण निर्णय तुम्हाला घेता येईल. कवितेची लय आणि तिच्यासोबतचे चित्र यांचा परस्परसंबंध उदाहरणांसह स्पष्ट करता येईल. तसेच मुलासमोर कविता वाचताना आवाज, गती आणि विराम यांचा जाणीवपूर्वक उपयोग करता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, बालकवितेचे स्वरूप आणि तिचे प्रमुख प्रकार यांचा परिचय तुम्ही यापूर्वीच्या घटकांतून करून घेतला आहे. तेथे बालकविता आपल्यासमोर अभ्यासविषय म्हणून आली होती. या घटकात ती एका वेगळ्या नात्याने आपल्यासमोर येते. तुमच्यापैकी काही जण पालक आहेत, काही शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका आहेत, काही ग्रंथालयात काम करतात, काहींच्या घरी नातवंडेही आहेत. बालकविता शिकण्याबरोबरच ती कोणाला तरी वाचून दाखवण्याची जबाबदारी तुमच्यावर आहे, किंवा लवकरच येणार आहे.

ही जबाबदारी वरवर पाहता हलकी वाटते. पुस्तकांच्या दुकानात किंवा जत्रेतील विक्रीच्या मांडवात रंगीत पुस्तकांचे ढीग असतात. त्यांतले एखादे उचलावे, मुलाच्या हाती द्यावे, काम झाले, अशी समजूत असते. परंतु महिन्याच्या खर्चातून बाजूला काढलेल्या पैशांत वर्षाकाठी दोन-तीनच पुस्तके घेता येतात, अशी अनेक घरे आहेत. त्या घरातील मुलाला लिखित मराठी कविता पहिल्यांदा भेटते ती या दोन-तीन पुस्तकांतूनच. तेथे तिला गोडी नसेल, तर कविता म्हणजे पाठ करून म्हणून दाखवण्याची आणि शेवटी त्यातला बोध सांगण्याची गोष्ट, असा त्याचा समज शाळेत जाण्यापूर्वीच पक्का होतो. पुढे मराठीचा शिक्षक कितीही चांगला भेटला तरी हा समज पुसायला वेळ लागतो.

तीन ते सात-आठ वर्षांच्या मुलासाठी पुस्तक वाचले जाते तेव्हा प्रत्यक्षात दोन वाचने एकाच वेळी चालू असतात. मोठे माणूस शब्द वाचते आणि मूल चित्र वाचते. अक्षरओळख नसलेल्या मुलाचे डोळे त्या वेळी रिकामे नसतात. ते चित्राच्या कानाकोपऱ्यांत फिरत असतात, आणि कानांवर शब्द पडत असतात. ही दोन वाचने एकमेकांना भेटतात की एकमेकांच्या आड येतात, हा या निवडीतील मुख्य प्रश्न आहे. बाकीचे मुद्दे त्यामागून येतात.

५.२ पहिली कसोटी : वाचणाऱ्याचा आवाज

पुस्तक मुलासाठी असले तरी त्याची पहिली परीक्षा तुमच्या जिभेवर होते. म्हणून पुस्तक निवडताना आधी चित्रे पाहण्याचा मोह आवरा. कोणतेही एक पान उघडून कविता मोठ्याने वाचा. दुकानात संकोच वाटत असेल तर ओठांतल्या ओठांत वाचा. परंतु केवळ डोळ्यांनी वाचू नका. डोळे लयीतील खोट माफ करतात, जीभ करत नाही.

मात्रावृत्ताची तोंडओळख तुम्हाला आहेच. लघू अक्षराची एक मात्रा, गुरू अक्षराची दोन मात्रा. मराठी बालकवितेत सोळा मात्रांची ओळ वारंवार आढळते. पादाकुलक या जातीचा चरण सोळा मात्रांचाच असतो. माधवराव पटवर्धन यांनी ‘छंदोरचना’ या ग्रंथात मराठी पद्यरचनेचा जो शास्त्रशुद्ध विचार केला, त्यात मात्रांच्या केवळ बेरजेपेक्षा त्यांच्या आवर्तनाला महत्त्व आहे. मुलासाठी कविता निवडताना हाच भेद उपयोगी पडतो. केवळ या पाठासाठी रचलेल्या पुढील दोन द्विपदी पाहा.

वेळेवरती उठावे नित्य,
बोलावे मग नेहमी सत्य.

छपरावरती थेंब उतरले,
टपटप टपटप बोलत सुटले.

दोन्हींच्या प्रत्येक ओळीत सोळा मात्रा आहेत. मोजून खात्री करून घ्या. ‘नित्य’ आणि ‘सत्य’ या शब्दांत जोडाक्षरापूर्वीचे अक्षर गुरू होते हे विसरू नका. दोन्हींत यमकही आहे. तरीही पहिली द्विपदी टाळीवर म्हणायचा प्रयत्न केला की ‘उठावे’ या शब्दापाशी हात अडखळतो. दुसरी द्विपदी चार-चार मात्रांच्या गटांत आपोआप पडते : छपरा, वरती, थेंब उ, तरले. पहिल्या द्विपदीत ‘वे’ हे अक्षर मधोमध चिरल्याशिवाय चारचा गट पूर्ण होत नाही. दुसऱ्या ओळीत ‘नेहमी’तील ‘मी’ची तीच गत होते. हिशेब बरोबर आणि ठेका चुकीचा, असे अनेक छापील बालकवितांचे दुखणे आहे. मोठ्या माणसाला ते सहज जाणवत नाही, कारण त्याचे लक्ष अर्थाकडे असते. मुलाला मात्र आधी ठेका ऐकू येतो आणि अर्थ नंतर उमगतो. अर्थ न कळलेली ओळ मूल आनंदाने दिवसभर म्हणत हिंडते. ठेका नसलेली ओळ ते दुसऱ्यांदा मागत नाही.

अर्थात प्रत्येक कविता टाळीवर बसलीच पाहिजे असा नियम करू नका. मुक्तछंदातली कविताही मुलांना वाचून दाखवता येते. परंतु तिच्यात बोलण्याची स्वतःची चाल असावी लागते, जिथे श्वास घ्यायचा तिथेच ओळ तुटावी लागते. गद्य वाक्ये केवळ तोडून एकाखाली एक छापली आहेत का, हे मोठ्याने वाचताच समजते.

लिपी उच्चारातले सर्व बारकावे दाखवत नाही, हेही प्रकट वाचन करताना ध्यानात घ्यावे लागते. ‘जग’ हा शब्द दुनिया या अर्थी आणि ‘जगणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप म्हणून सारखाच लिहिला जातो, पण दोन्ही ठिकाणी ‘ज’ वेगळा उच्चारला जातो. ‘झाडे’ असे छापलेले असले तरी कवीच्या कानात ‘झाडं’ असू शकते. यमक कोणत्या रूपावर साधले आहे हे पाहिले की कवीला अपेक्षित उच्चार कळतो. ज्या पुस्तकात कवितेतील बोलभाषेची रूपे संपादनाच्या भरात ग्रांथिक करून टाकली आहेत आणि त्यामुळे यमक मोडले आहे, ते पुस्तक बाजूला ठेवलेले बरे.

आणखी एक व्यावहारिक बाब. मूल आवडलेले पुस्तक एकदा वाचून थांबू देत नाही; त्याला ते पुन्हा हवे असते, काल ज्या आवाजात वाचले त्याच आवाजात हवे असते. एखादी ओळ गाळली तर ते तत्काळ हरकत घेते. तेव्हा विसाव्या वाचनालाही तुम्हाला स्वतःला कंटाळा येणार नाही अशी कविता निवडा. मोठ्यांना कंटाळवाणे वाटणारे पुस्तक मुलांना आवडत असेल, ही समजूत फारशी खरी नाही. वाचणाऱ्याचा कंटाळा आवाजात उतरतो आणि मुलापर्यंत पोचतो.

५.३ दुसरी कसोटी : चित्राने काय सांगावे आणि काय सोडावे

आपल्या मौखिक परंपरेतील बडबडगीते, अंगाईगीते आणि ओव्या यांना छापील चित्राची गरज नव्हती. बाळाच्या तळहातावर फिरणारे आजीचे बोट, अंगणातून दिसणारा चंद्र, दारात येणारी चिमणी हेच त्या गीतांचे चित्र होते. शब्द आणि दृश्य एकाच ठिकाणी, एकाच क्षणी हजर असत. छापील पुस्तकाने हे नाते तोडले. पावसाचे गाणे भर उन्हाळ्यात वाचले जाऊ लागले, न पाहिलेल्या प्राण्यांवरील कविता घरात आल्या. पुस्तकातील चित्राकडे जे काम आले ते असे : पूर्वी भोवतालचे जग जे करत होते ते आता कागदावर करायचे.

हे काम चित्रकार तीन प्रकारे करतो. कवितेत जे आहे तेच तो पुन्हा काढतो. किंवा कवितेत नसलेले काही तो त्यात भरतो. किंवा कवितेला सोडून केवळ पान सजवतो. वरील थेंबांच्या द्विपदीसाठी तीन चित्रे कल्पून पाहू. पहिल्या चित्रात कौलारू छप्पर आहे आणि त्यावर थेंब पडत आहेत. हे चित्र चूक नाही, परंतु शब्द ऐकल्यावर त्यात पाहण्यासारखे काही उरत नाही. दुसऱ्या चित्रात प्रत्येक थेंबाला डोळे, गाल आणि हसरे तोंड आहे. थेंब ‘बोलतात’ म्हणून चित्रकाराने त्यांना तोंड दिले. बाजारातील बहुसंख्य पुस्तकांत असेच घडते. कवितेत ‘बोलत’ हा शब्द आवाजासाठी आला होता. मुलाने कान देऊन तो आवाज ऐकायचा होता. चित्राने तो चेहऱ्यात बदलला आणि ऐकण्याचे काम संपवले.

तिसऱ्या चित्रात आपण घराच्या आत आहोत. जमिनीवर एक पातेले, एक तांब्या आणि एक परात ठेवली आहे. आजी अंथरूण गुंडाळून कोपऱ्याकडे सरकवते आहे. एक मूल तांब्यावर कान ठेवून बसले आहे. कवितेत घर गळत असल्याचा उल्लेखही नाही. ते केवळ चित्रात आहे. शब्द गमतीचे आहेत, आणि चित्रात गंमतही आहे व आजीची ओढाताणही. मूल हे पाहते आणि विचारते, ‘भांडी खाली का ठेवली?’ कदाचित विचारतही नाही, कारण त्याच्या स्वतःच्या घरी पावसाळ्यात अशीच भांडी मांडलेली असतात. आता हीच द्विपदी पुन्हा वाचा. ‘टपटप’ हा आवाज कौलावरचा न राहता पातेल्यातला झाला आहे. चित्राने एक अक्षरही न बदलता कविता बदलली. चांगल्या सचित्र पुस्तकाची खूण हीच की शब्द झाकले तर काही हरवते आणि चित्र झाकले तरीही काही हरवते.

विंदा करंदीकर यांचे ‘राणीची बाग’ (१९६१) आणि ‘एटू लोकांचा देश’ (१९६३) हे दोन संग्रह या दृष्टीने शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. पहिल्याचे नावच भायखळ्याच्या उद्यानावरून आले आहे. मुंबईतील मूल ते उद्यान पाहून आलेले असू शकते. गडचिरोलीतील किंवा नंदुरबारमधील मुलाने त्यातले काही प्राणी केवळ चित्रातच पाहिलेले असतात. तेव्हा चित्राला थोडे ओळख करून देण्याचे काम करावेच लागते. परंतु चित्र केवळ तक्त्यावरील प्राण्यासारखे झाले तर कवितेतील खोडकरपणा मरतो. प्राण्याची ओळख पटावी आणि त्याचा स्वभावही दिसावा, अशी दुहेरी अपेक्षा तेथे आहे. दुसऱ्या संग्रहातील देश मुळात कोठेच नाही. तेथील माणसे कोणी पाहिलेली नाहीत. अशा वेळी चित्रकाराने काढलेला चेहरा हा मुलासाठी कायमचा चेहरा होऊन बसतो, आणि प्रत्येक मुलाने आपापला चेहरा कल्पिण्याची शक्यता त्या प्रमाणात कमी होते. म्हणून असंबद्ध किंवा अद्भुत कवितेसोबत तुटक, काही भाग मोकळा सोडणारी रेषा अनेकदा अधिक शोभते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. भडक रंगांनी काठोकाठ भरलेले पान अशा कवितेला गुदमरून टाकते.

कवी आणि चित्रकार एकच असतील तर हा प्रश्न निराळ्या रीतीने सुटतो. इंग्रजीत एडवर्ड लिअर यांचे असंबद्ध पद्यांचे पुस्तक १८४६ मध्ये आले. त्यातील रेखाचित्रे त्यांचीच होती. बंगालीत सुकुमार राय यांचा ‘आबोल ताबोल’ हा संग्रह १९२३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच प्रसिद्ध झाला. त्याचीही चित्रे कवीनेच काढलेली होती. मराठीत माधुरी पुरंदरे यांनी मुलांसाठी लेखन आणि चित्र ही दोन्ही कामे एकहाती केली आहेत. त्यांची ती पुस्तके प्रामुख्याने गद्य असली, तरी शब्दाने कोठे थांबावे आणि चित्राने कोठून सुरुवात करावी हे समजून घेण्यासाठी ती अवश्य पाहावीत. त्यांनी संपादित केलेल्या ‘वाचू आनंदे’ या मालिकेत मराठी साहित्यातील वेच्यांसोबत भारतीय चित्रकलेतील चित्रे येतात. चित्र हे मजकुराचे भाषांतर असते, ही आपली सवयीची कल्पना तेथे आपोआप सैल होते.

आता एक साधी खूण. पुस्तकावर चित्रकाराचे नाव कोठे आहे ते पाहा. मुखपृष्ठावर कवीच्या नावाशेजारी असेल तर प्रकाशकाने चित्राचा गांभीर्याने विचार केला असण्याची शक्यता अधिक. नाव शोधूनही सापडत नसेल, तर चित्रे बहुधा तयार साठ्यातून उचलून कवितांशेजारी डकवलेली असतात. मग मोर सर्व पुस्तकांत तोच दिसतो, आणि खेड्यातील घराला परदेशी धुराडे असते.

५.४ पान, ओळ आणि अक्षर

मांडणीबद्दल थोडक्यात. कवितेचे कडवे एका पानावर सुरू होऊन पलीकडच्या पानावर संपत असेल तर वाचताना ठेका तुटतो. उलट, कवितेतील आश्चर्य पान उलटल्यावर उघड होत असेल तर पान उलटणे हाच एक विराम होतो, आणि मूल त्या क्षणाची वाट पाहू लागते. गडद चित्रावर छापलेली अक्षरे तुम्हालाच वाचता येत नसतील, तर ओळ वाचताना तुम्ही अडखळणार हे नक्की. संध्याकाळी, मंद दिव्यात वाचायचे असेल तर हा मुद्दा आणखी महत्त्वाचा ठरतो. एका मुलाला मांडीवर घेऊन वाचायचे पुस्तक आणि अंगणवाडीत वीस मुलांसमोर धरून वाचायचे पुस्तक एकच असू शकत नाही. मांडीवरच्या पुस्तकात बारीकसारीक तपशिलांची मौज असते. वर्गातल्या पुस्तकात आकृती मोठी आणि पार्श्वभूमी मोकळी हवी, मागच्या रांगेतील मुलाला ती दिसली पाहिजे.

५.५ आशय : बोध, भीती आणि दुःख

मराठीतील मुलांसाठीच्या लेखनाचा आरंभकाळ उपदेशाने भारलेला होता. त्याची कारणे त्या काळाच्या शिक्षणविषयक कल्पनांत आहेत, आणि आज त्याबद्दल त्या लेखकांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये ‘आनंद’ हे मुलांचे मासिक सुरू केले. त्या नावातच मुलांच्या वाचनाचा एक वेगळा हेतू मान्य झालेला दिसतो. तरीही आज छापल्या जाणाऱ्या अनेक संग्रहांत शेवटचे कडवे शिस्त, स्वच्छता किंवा झाडे लावण्याचा आदेश घेऊन येते. कविता निवडताना एक करून पाहा : शेवटचे कडवे झाकून वाचा. कविता त्याविना पूर्ण होत असेल, तर ते कडवे मुलासाठी नसून पुस्तक विकत घेणाऱ्या मोठ्या माणसासाठी लिहिलेले आहे, असे खुशाल समजा.

भीतीबद्दल पालक फार सावध असतात. विंदांच्या ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’ या संग्रहाचे नाव वाचूनच काही जण तो परत ठेवतात. परंतु कुशीत बसून, ओळखीच्या आवाजात, ठेक्यात बांधलेली भीती मुलाला हवीशी वाटते; ठेका पुढे चालू राहणार आणि ओळ यमकावर सुखरूप पोचणार हे त्याला ठाऊक असते. येथे चित्राची जबाबदारी मोठी आहे. शब्दांतील गमतीचे भूत चित्रात खरोखरच भयानक झाले तर तोल जातो. दुःखाचेही तसेच. ना. वा. टिळक यांची जखमी पक्षिणीवरची कविता अनेक पिढ्यांनी शाळेत वाचली आणि तिने अनेकांचे डोळे ओले केले. मुलाला दुःखाची कविता वाचून दाखवू नये असे नाही. ती वाचल्यावर लगेच पुढची गमतीची कविता सुरू करू नये, एवढेच. थोडा वेळ पान तसेच उघडे राहू द्यावे.

५.६ कोणती मराठी?

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी किंवा अन्य बोली बोलली जाते. काहींची घरची भाषा गोंडी, भिली किंवा कोकणी असेल. पुस्तकातील प्रमाण मराठी ही त्या घरातील मुलासाठी अर्धी ओळखीची भाषा असते. म्हणून तिला टाळावे असे नाही. लय ही अनोळखी शब्दांना आत आणणारी वाट असते. परंतु ज्या कवितेत पाचपैकी चार शब्द समजावून सांगावे लागतात ती वाचन राहत नाही, तो तास होतो. अशा वेळी त्या पुस्तकासोबत घरच्या बोलीतील एखादे गाणे जरूर म्हणा, आणि त्या दोन्हींचा ठेका कोठे जुळतो हे मुलालाच शोधू द्या. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या किंवा परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांबाबत परिस्थिती निराळी आहे. तेथे मराठीचा आवाज घरातील दोन-चार माणसांपुरताच उरलेला असतो, आणि कवितापुस्तक हे त्या आवाजाचे क्षेत्र वाढवते.

अनुवादित कवितापुस्तके निवडताना विशेष काळजी घ्या. चित्रकथेचा अनुवाद तुलनेने सुकर असतो. सोव्हिएत काळात मॉस्कोहून मराठीत आलेल्या सचित्र पुस्तकांनी एका पिढीचे बालपण समृद्ध केले, आणि आज ‘प्रथम बुक्स’सारख्या संस्था अनेक भाषांत एकच चित्रकथा देतात. पद्याचे तसे नाही. चित्रे आधीच ठरलेली असतात. मूळ भाषेत यमकासाठी एखादा प्राणी आलेला असतो, तो चित्रातही असतो, आणि मराठीत त्याच्या नावाशी काहीच जुळत नाही. मग अनुवादक एक तर अर्थ ओढूनताणून आणतो किंवा लय सोडून देतो. अशा अडचणीतून वाट काढून मराठीत नव्याने रचलेली पुस्तके मिळतात, पण ती शोधावी लागतात. शब्दशः अनुवाद मोठ्याने वाचताच ओळखू येतो.

५.७ गाणे आणि वाचन

मराठीत अनेक बालकविता आकाशवाणी, चित्रपट आणि ध्वनिमुद्रिका यांमुळे गाणी म्हणूनच घराघरांत पोचल्या. १९५३ च्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातील ग. दि. माडगूळकर यांचे मोरावरचे गीत किंवा मंगेश पाडगावकर यांची भोलानाथाला प्रश्न विचारणारी कविता समोर आली की आपण वाचत नाही, चाल गुणगुणू लागतो. गाण्यात वावगे काहीच नाही. परंतु चाल शब्दांना आपल्या गतीने ओढत नेते. मुलाला चित्रापाशी थांबायला, मध्येच प्रश्न विचारायला तिच्यात जागा नसते. म्हणून ओळखीचे गाणे पुस्तकात आले तर आधी ते चालीशिवाय, बोलल्यासारखे वाचून पाहा. आजवर चालीखाली दडून राहिलेले एखादे विशेषण किंवा एखादा प्रश्न प्रथमच ऐकू येईल. त्यानंतर हवे तर गा.

वाचताना यमकाच्या शब्दाआधी किंचित थांबा. दोन-तीन वाचनांनंतर तो शब्द मूल स्वतः भरू लागते. त्याने चुकीचा पण यमकाला जुळणारा शब्द भरला तर दुरुस्त करण्याची घाई करू नका; त्याला रचनेचे तत्त्व कळले आहे. वाचून झाल्यावर ‘यातून काय शिकलास?’ हा प्रश्न विचारू नका. विचारायचेच असेल तर चित्रातले विचारा : ‘आजी अंथरूण कुठे नेतेय?’

खरेदी शक्य नसेल तर सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागात जा. बालभारतीचे ‘किशोर’ हे मासिक १९७१ पासून निघत आहे. त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. त्यांत निरनिराळ्या कवी-चित्रकारांच्या जोड्या एकाच ठिकाणी भेटत असल्याने अभ्यासासाठी ते फार सोयीचे आहेत. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०२३ मध्ये एकनाथ आव्हाड यांच्या ‘छंद देई आनंद’ या कवितासंग्रहाला आणि २०२५ मध्ये सुरेश सावंत यांच्या ‘आभाळमाया’ या संग्रहाला मिळाला. समकालीन बालकविता पाहायची असल्यास तेथून आरंभ करता येईल. पुरस्कारप्राप्त पुस्तकेही वरील कसोट्यांवर घासूनच घ्यावीत, हे वेगळे सांगायला नको.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. ‘मात्रांची बेरीज बरोबर असूनही ओळ अडखळते’ हे विधान पाठातील द्विपदीच्या आधारे स्पष्ट करा. पाठ्यपुस्तकातील किंवा अन्य संग्रहातील एक ओळ घेऊन तिचे चार-चार मात्रांचे गट पाडा.

२. पाठात कल्पिलेल्या तिसऱ्या चित्रामुळे ‘टपटप’ या शब्दाचा अर्थ कसा बदलतो? त्याच द्विपदीसाठी चौथे चित्र सुचवा आणि त्यात तुम्ही काय मुद्दाम वगळले ते लिहा.

३. अद्भुत कवितेसोबत तुटक रेषेची चित्रे अधिक शोभतात, हे लेखकाचे मत तुम्हाला मान्य आहे काय? मान्य नसल्यास एखाद्या पुस्तकाचे उदाहरण देऊन प्रतिवाद करा.

उपक्रम

जवळच्या ग्रंथालयातून मुलांची तीन सचित्र कवितापुस्तके आणा. त्यांपैकी किमान एक पंचवीस वर्षांहून जुने असावे. पहिल्या दिवशी चित्रे कागदाने झाकून प्रत्येक पुस्तकातील दोन कविता मोठ्याने वाचा आणि कोठे अडखळलात ते नोंदवा. दुसऱ्या दिवशी शब्द झाकून केवळ चित्रांवरून काय कळते ते लिहा. त्यानंतर घरातील किंवा शेजारच्या तीन ते आठ वर्षांच्या मुलाला, त्याच्या पालकांच्या संमतीने, तिन्ही पुस्तके वेगवेगळ्या दिवशी वाचून दाखवा. मुलाने कोणते पान पुन्हा उघडायला लावले, कोणत्या शब्दाला ते हसले, चित्रातील कशावर त्याने बोट ठेवले, याची नोंद वाचन संपताच करा. रात्रीवर सोपवू नका, कारण तपशील निसटतात. या नोंदींच्या आधारे सुमारे चारशे शब्दांचा अहवाल तयार करून अभ्यासकेंद्रावरील संमंत्रकांना दाखवा. अहवालात मुलाचे नाव लिहू नका, केवळ वय लिहा. त्याचे बोलणे मात्र जसेच्या तसे, त्याच्याच बोलीत उतरवा. प्रमाण मराठीत बदलू नका.